चिंचोक्याच्या खळीचा स्वेटर

सोलापुरात स्वेटर विणायचा म्हणजे तापल्या तव्याला गोधडी पांघरायची. वर्षातले दहा महिने आमच्या गावात अंगावरचं लुगडंसुद्धा नकोसं होतं. उरलेल्या दोन महिन्यांत पहाटे जरा हुडहुडी भरते, आणि ऊन वर आलं की तीही ओशाळून निघून जाते. अशा गावातल्या पोरीनं लोकर हातात घ्यावी हे देवालासुद्धा पटलं नसतं. मी घेतली. मला चौदावं लागलं होतं आणि देवापेक्षा मला जरा जास्त कळत होतं.

परवा माझी नात गावालगतच्या जुळे सोलापुरातून आली ती लोकरीचे गोळे घेऊन. गुलाबी, पोपटी, मऊ लुसलुशीत. म्हणाली, "आजी, तू विणायचीस की पूर्वी. मला शिकव." मी गोळा नाकाशी नेला. त्याला कसलाही वास नव्हता. तरी माझ्या घशाशी आलं. पोरीला वाटलं पित्त झालं असेल. तिनं मला आलं-लिंबू करून दिलं आणि मी मुकाट्यानं प्याले. तिला तोंडानं सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे लिहून ठेवते.

आमचं घर भवानी पेठेत. खाली थोरल्या काकांचं सुताचं दुकान, वर आम्ही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील होते, पण "दादा म्हणतील तसं" एवढं एकच वाक्य बोलण्यासाठी ते जन्माला आले होते. आई त्यांच्या मागे उभी राहून मान हलवायची. घरात बोलायचं ते काकांनी, आणि काकांना बोलायचं ते काकूनं.

काकांच्या दोन गोष्टींची मला भारी किळस यायची. एक त्यांची तपकीर. चिमूट भरून नाकात कोंबायचे, डोळे मिटून वाट बघायचे, मग अख्खी पेठ हादरेल अशी शिंक, आणि जे काय बाहेर येईल ते धोतराच्या सोग्याला. त्या सोग्याचा रंग मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही जेवून बसला असाल. दुसरा त्यांचा दमा. थंडी पडली की पहाटे चारपासून त्यांचा खाकरा सुरू व्हायचा. उशाशी राख घातलेली पिकदाणी असे. ती सकाळी ओतून, घासून ठेवायचं काम घरातल्या लेकीचं. घरात लेक एकच होती.

म्हणून मला बाई व्हायचं होतं. म्हणजे शाळेतली बाई. आमच्या मुलींच्या शाळेत पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या. पायात चपला, काखेत छत्री, मनगटाला घड्याळ, आणि महत्त्वाचं म्हणजे कुणाची पिकदाणी नाही. त्याच आम्हाला विणकाम शिकवत. बाई व्हायचं तर सातवीची फायनल परीक्षा द्यायला हवी होती, आणि फायनलच्या अर्जावर घरातल्या कर्त्या माणसाची सही लागायची.

काका म्हणाले, "सहा यत्ता झाल्या. पुरे की आता. काय शिकवतात तिथं?"

"सगळं शिकवतात," मी म्हणाले.

"पुस्तकातलं पुस्तकातच राहतंय. हाताला काय आलं ते दाखव."

"मी तुम्हाला स्वेटर विणून देते. तुमच्या दम्याला बरा."

हे मी अशा थाटात म्हणाले की जणू आजवर डझनभर स्वेटर विणून गावात वाटले होते. खरं सांगते, माझा तोवरचा सगळा पराक्रम म्हणजे एक वीतभर पट्टी. शाळेत लोकरीचा गोळा एक आणि मुली पाच. एकीनं विणायचं, बाईंनी बघायचं, मग उसवून दुसरीनं तेच विणायचं. पाच जणींच्या हातांच्या घामानं तो गोळा मुळात कुठल्या रंगाचा होता तेसुद्धा सांगता येत नव्हतं. पण मला सुलट टाका येत होता, उलट टाका येत होता, आणि नाक वर करून चालता येत होतं. त्या वयात मला एवढी विद्या पुष्कळ वाटायची.

काकांनी तपकिरीची डबी बंद केली. "बरं. गड्ड्याच्या आत दे." गड्डा म्हणजे आमच्या गावची संक्रांतीची जत्रा. "चांगला झाला तर अर्जावर सही. न्हाईतर माघात तुझ्यासाठी स्थळं बघायला लागू."

वडील म्हणाले, "दादा म्हणतात तसं." आईनं मान हलवली.

मी विलायती लोकर मागितली, तर काका उसळले. त्या दिवसांत विलायती म्हटलं की लोक तोंड फिरवत. काकांची स्वदेशी आणि काकांचा चिक्कूपणा या दोघी सख्ख्या बहिणी होत्या, कुठं जायचं तर जोडीनंच. "आपल्याकडची मेंढरं मेली काय?" ते म्हणाले.

मेंढरं मेली नव्हती. दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी एक धनगरीण म्हातारी आमच्या गल्लीत यायची. खांद्यावर घोंगड्यांची चळत, कमरेला चातीवर कातलेल्या काळ्या लोकरीच्या लडी. आमच्या दाराच्या खालच्या पायरीशी ती टेकायची. वरच्या पायरीवर तिनं यायचं नाही हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. ती आली की तिच्या आधी तिचा वास यायचा. मेंढराचा, धुराचा, ताकाचा आणि कित्येक वर्षांच्या पावसाचा. मी परकराचं टोक नाकाला लावूनच खाली गेले.

"लोकर पाहिजे. विणायला."

"काय इनतीस?"

"स्वेटर. अंगात घालायचा."

"अंगात?" म्हातारी हसली. समोरचे दोन दात नव्हते. "घोंगडं अंगावर घ्यायचं असतंय बाय. अंगात घालून काय मेंढरू व्हायचंय व्हय?"

मला तिचा राग आला. विणकाम हा माझा विषय होता, तिचा नव्हता.

तिनं लडी मोजून दिल्या आणि म्हणाली, "आयक. रिठ्याच्या कोमट पान्यात दोन येळा धू. तीन येळा धुतलीस तर लईच बेस. सावलीत वाळव. मऊ व्हतीया मग."

मी परकराच्या आडून "हं" म्हणाले. बाईंनीही वर्गात तेच सांगितलं होतं, लोकर नीट धुवा म्हणून. दोन जाणत्या बायका एकच गोष्ट सांगत होत्या. पण एक पुण्याची आणि एक मेंढरातली, मग भवानी पेठेतल्या मला शिकवणाऱ्या या कोण?

न्हाणीघरात घंगाळात लोकर टाकली. पाणी क्षणात तंबाखूच्या काढ्यासारखं झालं. वर काय काय तरंगायला लागलं! कुसळं, गोखरू, लेंड्यांचा चुरा, आणि एक गोचीड. फुगलेली, करडी, पाय आत घेतलेली. मी ती बघत बसले आणि ती हलली. मी किंचाळत माडीवर पळाले. आईनं ती लोकर पिळून वाळत टाकली. दुसऱ्या पाण्याला मी खाली उतरलेच नाही. एकदा धुतली ती धुतली.

विणायच्या सुया म्हणजे काकूच्या मोडक्या छत्रीच्या काड्या, दगडावर घासून टोक काढलेल्या. टाके घातले आणि वीत-दीड वीत विणलं तेव्हा कळलं की ही लोकर माझ्यावर सूड उगवते आहे. धाग्याला केस इतके की टाका काडीवरून सरकेना, ओढला की तुटे. गाठी मारून मारून ते विणकाम गाठींचंच झालं. शिवाय हाताला तो वास. मेथीच्या भाजीला वास, भाकरीला वास. मी डाव्या हातानं जेवायला लागले तेव्हा काकूनं डोक्यात टपली मारली.

आणि मग माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला. तशी शक्कल दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरीला सुचली नसती, ती सुचायला सोलापूरच लागतं. आमच्या गल्लीत सगळे तेलुगू विणकर. सकाळी गल्लीभर उभ्या सुताचा ताणा ताणलेला असायचा आणि घरची माणसं दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन सुताला चिकट खळ लावत जायची. खळ प्याली की लोंबतं सूत कसं तारेसारखं होतं ते मी पाळण्यात असल्यापासून बघत होते. "खळ म्हणजे सुताचं तूप," काका दुकानात गिऱ्हाइकाला दिवसातून दहादा सांगत. घोंगड्याच्या सुतालासुद्धा चिंचोक्याची खळ देतात हे कुणाकडून तरी ऐकलं होतं. मग माझ्या लोकरीनं काय पाप केलं होतं? मागावर चढणारं सूत आणि सुयांवर चढणारी लोकर यांत काही फरक असेल असं मला वाटलंच नाही. खळीचं सूत विणून झालं की धुतल्यावर खळ निघून जाते, हेही कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

बाईंना विचारायचं सुचलं होतं. पण त्या पुण्याच्या, त्यांना खळीतलं काय कळणार?

विणलेलं उसवलं. चिंचोके भाजले, फोलं काढली, भिजवले, पाट्यावर वाटले आणि शिजवून चांगली टोपभर खळ केली. मध्येच शाळेत निबंधाची स्पर्धा आली, विषय होता स्वच्छता. त्या नादात टोप दोन दिवस माळवदाच्या जिन्याखाली तसाच राहिला. उघडला तेव्हा वर बोटभर पांढरी बुरशी, केसाळ, उंदराच्या पिलासारखी. वास आंबलेल्या ताकाचा, पण ते ताक कुणीतरी एकदा पिऊन परत दिलेलं असावं असा. शहाण्या पोरीनं ते उकिरड्यावर ओतलं असतं. पुन्हा कोण वाटत बसणार? मी बुरशी पळीनं ढवळून आत मिसळली. स्वच्छतेच्या निबंधात मला पहिला नंबर मिळाला हेही जाता जाता सांगून टाकते.

खळ प्यालेली लोकर माळवदावर वाळत घातली. माश्या आल्या, मुंग्या आल्या, एक कावळा येऊन चोच मारून गेला. पण वाळल्यावर काय ती लोकर! तारेसारखी. केस बसलेले, वास दबलेला. काड्यांवरून टाके असे सरसर उतरायला लागले की मी हरखून गेले. पाठ झाली, पोट झालं, बाह्या झाल्या. एकेक टाका जोंधळ्याच्या दाण्यासारखा टपोरा. पुरा झालेला स्वेटर मी भिंतीला टेकवून ठेवला, आणि तो आपला आपण उभा राहिला. यातच काहीतरी चुकलंय हे गाढवालाही कळलं असतं. मी आईला बोलावून दाखवलं, "बघ, कसा उभा राहतोय!"

आणखी मजा म्हणजे काकांनाही कळलं नाही. सुताच्या व्यापारात केस पिकलेला माणूस! त्यांनी स्वेटर बोटांत चुरगाळून बघितला, नखानं टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

"वा! कसं करकरीत कापड आहे," ते म्हणाले. आमच्या गावात नवं लुगडं जेवढं करकरीत तेवढं चांगलं मानतात. काकांचा हात त्या करकरीला सवकलेला, त्यामुळं अक्कल बाजूलाच राहिली. दुकानात बसलेल्या दोघांना त्यांनी तो मुद्दाम दाखवला. "आमच्या पुतणीनं केलाय. स्वदेशी लोकर. बघा, हात लावून बघा."

मी जिन्यावर उभी होते. नाक इतकं वर की जिन्याची खालची पायरी दिसत नव्हती.

संक्रांतीला काका तो घालून गड्ड्यावर गेले. आत नुसती पातळ बंडी. सकाळी थंडी होती, स्वेटर शोभला. दुपारी नंदीध्वजाच्या काठ्या निघाल्या, तळ्याच्या काठी हीऽऽ गर्दी झाली, वर ऊन आलं आणि काकांना घाम फुटला. घामानं खळ भिजली. भिजलेली चिंचोक्याची खळ म्हणजे काय असते ते ज्यानं एकदा हातात घेतली त्यालाच ठाऊक. बुळबुळीत, चिकट, कोमट. त्यात ती बुरशीवाली, आणि तिच्या खाली नीट न धुतलेलं मेंढरू. दाबून ठेवलेला सगळा वास एकदम जागा झाला. जत्रेतली धूळ काकांच्या छातीवर बसली. शेजाऱ्याच्या हातातला तिळगूळ सांडला, तो त्यांच्या पोटाला चिकटला. मग माश्या आल्या. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं, कारण आम्ही बायका मागे चार हातांवर होतो. कुणी खेडूत काकांना आदरानं विचारत होता, "मेंढरं इकायला आनलीत काय मालक? कुटं बांदली?"

घरी आल्यावर स्वेटर निघेना. खळ बंडीतून आत उतरून छातीच्या केसांत सुकून बसली होती. काकूनं कोमट पाणी ओतलं, तशी ती पुन्हा फुगली आणि वासानं आई तोंडात पदर कोंबून माडीवर गेली. बाही सुटेना. काका न्हाणीच्या दगडावर हात वर करून बसलेले, बोकडासारखे. काकू कातरीनं पाठ कापत होती आणि तिची जीभ कातरीच्या पुढं चालली होती. "चारचौघांत मिरवलात की! हात लावून बघा म्हणे! आता लावा की म्हणावं हात!" शेवटी पुढचा भाग ओढून काढला, तेव्हा काकांच्या छातीवरचा अर्धा पिकलेला मळा त्याबरोबर आला. त्यांची ती सोललेली लालभडक कातडी, घामाचे काळे ओघळ, खळीच्या गुठळ्या आणि गुठळ्यांत अडकलेल्या दोन माश्या. त्यातली एक अजून पंख हलवत होती.

"काय घातलंस यात?" काकांनी विचारलं. दम्यानं त्यांचा आवाज फुटत नव्हता.

इथं मी जरा थांबते. आत्तापर्यंत जे लिहिलं ते मूर्खपणाचं होतं, त्याला हसता येतं. पोर मूर्ख असतेच. पुढचं मूर्खपणाचं नाही.

फायनलचा अर्ज काकूच्या देव्हाऱ्याखाली होता. सही अजून व्हायची होती. खळ घातली म्हटलं तर शाळा गेली.

मी म्हणाले, "मी काही नाही घातलं. त्या धनगरणीनं लोकरच कुजकी दिली."

किती सहज आलं ते तोंडातून! बुरशी ढवळताना हात थबकला होता. हे बोलताना जीभ थबकली नाही.

मंगळवारी म्हातारी आली. काका दुकानाच्या ओट्यावर वाट बघत होते. गिऱ्हाइकं होती, गल्लीतले विणकर खळीचे कुंचे हातात घेऊन बघत उभे राहिले. काकांनी स्वेटराची कापलेली लक्तरं तिच्या अंगावर फेकली. "लबाड! कुजका माल देतीस? पोर बघून गळ्यात मारलीस? पुन्हा या गल्लीत पाय ठेवलास तर बघ."

म्हातारी घाबरली नाही. तिनं खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली. एक बाही उचलली, हुंगली. मग तिनं ती जिभेला लावली. होय, ती बाही! काकूच्या तोंडून "शीऽऽ" निघालं. म्हातारीनं चव घेतली, बाजूला थुंकली.

"चिंचुका हाय की ह्यो," ती म्हणाली. "आंबल्याली खळ. मालक, सुताचा धंदा करता न्हवं? खळ वळकंना तुमाला?"

विणकरांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांचा चेहरा पडला. त्यांनी गुठळी बोटांवर घेतली, चोळली. मग मान वळवून वर माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत होते.

"म्या धू म्हनून सांगितल्यालं," म्हातारी खिडकीकडं बघत म्हणाली. "खळ घाल म्हनून कवा सांगितलं गं तुला?"

मी खिडकी लावून घेतली.

काका दिवसभर दुकानातून वर आलेच नाहीत. गिऱ्हाइकांसमोर धंद्याची अब्रू गेली होती, माझ्या खोट्यापेक्षा ते दुखणं जास्त होतं. रात्री जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "शाळेत असलं शिकवत असतील तर सही होणार नाही. त्या म्हातारीकडं जा. पाय धर. ती झालं गेलं म्हणाली तर बघू."

वडील म्हणाले, "दादा म्हणतात तसं." पहिल्यांदाच मला वाटलं की ते मनापासून म्हणाले.

शनिवारी मी काकूला घेऊन टांग्यानं निघाले. धनगरांची मेंढरं अक्कलकोटच्या वाटेवर एका शेतात बसवली होती. काकू टांग्यातून उतरलीच नाही. पदर नाकाला लावून म्हणाली, "जा लवकर, बोलून ये. मला ओकारी येईल इथं." मी एकटीच ढेकळं तुडवत गेले.

लेंड्या, मूत, उन्हात तापलेली लोकर. पायाखाली जमीन मऊ होती आणि ती कशानं मऊ आहे ते मला बघायचं नव्हतं. म्हातारी एका मेंढीला मांडीशी दाबून तिच्या कानातल्या गोचिडी काढत होती. एकेक काढायची आणि दोन नखांत चिरडायची. चट् असा आवाज यायचा आणि काळं रक्त उडायचं. शेजारी तिची सून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. त्यातला "हुच्ची" एवढा शब्द मला कळला, कारण वेडीला हुच्ची म्हणतात हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी नाक चिमटीत धरलं होतं. "आजी, माझं चुकलं," मी म्हणाले. नाकातून आवाज कसातरीच निघाला.

"नाक सोड आदी," म्हातारी म्हणाली. "नाक धरून कोन माफी मागतंय?"

मी नाक सोडलं. श्वास घेतला. आणि पोटातलं सगळं, सकाळची भाकरी, ताक, सगळं तिच्या पायाशी ओतलं. तिच्या पायांवरसुद्धा उडालं. सून ओरडली. म्हातारीनं मूठभर माती घेऊन पायांवर टाकली, मला तांब्यातलं पाणी दिलं. तांब्याला बाहेरून लोकर चिकटली होती. मी चूळ भरली.

"बस." ती म्हणाली. मी बसले नाही.

"माजं असं हाय," ती मेंढीचा कान उलटा करत म्हणाली. "तू मला चोर केलीस ती तुज्या दारात. चार मानसांत. हितं मेंढरांम्होरं चुकलं म्हनून काय उपेग? मेंढरांनी कुटं मला चोर म्हटलंय?"

मी पायानं ढेकूळ फोडत राहिले.

"मंगळवारी येती मी. तुज्या दारात, पायरीवर हुबी राहून म्हन. तवा गल्लीत हुती तीच मानसं असतील. म्हन, म्याच खळ घातली, म्हातारीची लोकर चांगली हुती. बास. पाय बिय धरू नगंस. माजं पाय घान हायती आदीच, तू अजून घान केलीस." आणि ती हसली. त्या दोन नसलेल्या दातांतून हसली, माझ्यावर रागावली नव्हती असंच म्हणायचं.

टांग्यात काकूनं विचारलं, "काय म्हणाली?"

"झालं गेलं म्हणाली," मी म्हणाले.

"सुटलीस."

काकांनीही तेच विचारलं. मी तेच सांगितलं. त्यांनी देव्हाऱ्याखालचा अर्ज मागवला, तपकिरीच्या बोटांनी धरला आणि सही केली. कागदावर एक तपकिरी ठसा उमटला. मी तो खोडरबरानं पुसायला बघितला, तर तो पसरला. तसाच अर्ज बाईंना नेऊन दिला. बाई म्हणाल्या, "शाब्बास." विणकामात माझा हात चांगला बसला असेल, असंही म्हणाल्या.

मंगळवार आला. मी माडीवर त्रैराशिकाची गणितं घेऊन बसले होते. खालून वास आला तशी मी खिडकीच्या फटीतून बघितलं. म्हातारी आली होती. घोंगड्यांची चळत पायरीशी ठेवून ती दाराकडं तोंड करून उभी होती. विणकर ताणा ताणत होते. गल्ली नेहमीसारखी भरलेली होती.

बराच वेळ ती तशीच उभी. काका ओट्यावरून म्हणाले, "काय गं, घोंगडं घ्यायचं नाही आम्हाला आज."

"न्हाय मालक. वाट बगती."

"कुणाची?"

म्हातारीनं वर बघितलं. फटीतून तिला माझा डोळा दिसला असेल की नाही, देव जाणे. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता, की तुमच्या पोरीला विचारा. तेवढ्यानं अर्ज परत आला असता, सही गेली असती, मी माघात कुणाच्या तरी पिकदाण्या घासायला गेले असते.

"कुनाची न्हाय," म्हातारी म्हणाली.

तिनं चळत खांद्यावर घेतली. जाताना ताण्याला धक्का लागू नये म्हणून भिंतीकडेनं, अंग चोरून गेली. मी गणिताच्या वहीकडं वळले. माझं ते त्रैराशिक बरोबर आलं. त्या दिवशीची सगळी गणितं बरोबर आली.